न उचललेला बेलभंडारा

साखराबाई मुलखाची भित्री. पालीला भ्यायची, पोलिसाला भ्यायची, अमावस्येला भ्यायची आणि सगळ्यांत जास्त भ्यायची ती ओढ्याकाठच्या चिंचेला. बाळंतपणात मेलेली एक बाई तिथं बसते, असं सासूनं लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिच्या डोक्यात भरवलं होतं. तेव्हापासून गावात दूध घालायला जाताना ती पाणंदीनं लांबचा फेरा मारायची. नवरा गेल्यावर तर भीतीला मोकळं रानच मिळालं.

मग आष्टीच्या चर्चचे पाळक वस्तीवर प्रार्थनेला येऊ लागले. साखराबाई आधी नुसती कोपऱ्यात बसायची, मग गाऊ लागली आणि गेल्या साली तिनं बाप्तिस्मा घेतला. नवल म्हणजे त्यानंतर ही बाई चिंचेखालून सरळ, गाणं म्हणत जायला लागली. बायका विचारायच्या, "बये, तुला घावलं तरी काय?" ती म्हणायची, "सुख घावलंय. आता जायचं न्हाई ते."

बोलायला काय जातं! ओढ्याला पाणी होतं तोवर ते खरंही वाटत होतं.

यंदा पावसानं दगा दिला. विहिरी तळाला गेल्या आणि जनावरांना पाणी उरलं ते फक्त दूध सोसायटीच्या टँकरचं. टँकर सभासदांनाच. आणि सभासद राहायचं तर रोज ठरलेलं माप घालायलाच हवं, असा चेअरमन माणिकरावांचा नियम. म्हशी आटत चालल्या, माप मात्र तेवढंच. पुढं काय होणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं, पण चेअरमनला कोण शिकवणार? कुणीतरी दुधात पाणी घातलं, तेही डबक्यातलं गढूळ. अख्ख्या गावाचं दूध नासलं आणि डेअरीतून कॅन परत आले.

माणिकराव लालबुंद झाले. "सकाळी समद्यांनी खंडोबाम्होरं बेलभंडारा उचलून शपथ घ्यायची. न उचलंल त्यो चोर. त्याचं दूध बंद, टँकर बंद."

 साखराबाईनं दुधात थेंबभरही पाणी घातलं नव्हतं. पण बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकांनी बजावलं होतं, दुसऱ्या देवापुढं हात पसरायचा नाही, आणि खऱ्याला शपथेचा टेकू द्यायचा नाही. तेव्हा तिनं आनंदानं मान डोलावली होती. तेव्हा तिच्या गंगी म्हशीच्या टाकीत पाणी होतं.

सकाळी ती निघाली तर पाय आपोआप पाणंदीकडं वळले. आपण चिंच टाळतोय, हे ध्यानात आलं आणि तिला रडू कोसळलं. भीती परत आली होती. म्हणजे जायचं नाही म्हणत होती ते सुख गेलं होतं. तिनं प्रार्थना करायला तोंड उघडलं, तर एकच शब्द बाहेर पडला, "गंगी."

देवळापुढं सगळे सभासद जमले होते. तिच्या चुलत दिरानं, सिदूनं, सगळ्यांच्या आधी भंडारा उचलला, तोही मोठ्यानं शपथ घेत. मग एकेक करून बाकीच्यांनी. शेवटी तिची पाळी आली.

सिदू जवळ सरकून हळूच म्हणाला, "वयनी, उचल की. ह्यो तुजा देव न्हाई ना? मंग तुला काय व्हतंय? हळद ती हळद."

किती सोपी वाट होती! तिचा हात पुढं गेलाही. आणि मग तिला वाटलं, ज्याला आपण मानत नाही त्याची शपथ ही खोटीच की. अशा खोट्यानं वाचवलेल्या गंगीची धार काढताना तोंडात गाणं कुठून येणार? तिनं हात मागं घेतला.

"म्या पानी घातलं न्हाई," ती म्हणाली. आवाज इतका बारीक, की माणिकरावांना पुन्हा विचारावं लागलं. "घातलं न्हाई म्या. पन भंडारा उचलनार न्हाई. मी येशूची हाय."

एकच गलका उठला. "मंग चोर तूच," माणिकराव म्हणाले. "टँकर बंद!"

घरी गंगी कोरडी टाकी चाटत होती. साखराबाई तिच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. धीर वगैरे काही आला नव्हता. पण रडता रडता तिच्या ध्यानात आलं, की आपण गुणगुणतोय. तिला स्वतःचाच राग आला. जनावर तहानेनं मरतंय आणि ही बया गातेय! पण गाणं काही थांबेना.

दिवस कलताना सिदू आला. हातात पाण्याच्या दोन घागरी, चेहरा पांढराफटक. त्यानं पाणी गंगीपुढं ओतलं आणि मटकन खाली बसला.

"वयनी, दुधात पानी मीच घातलं. माप भरंना, टँकर गेला असता. आन सकाळी भंडारा बी मीच पैला उचलला." त्यानं देवळाच्या दिशेला पाहिलं. "खंडोबा मला सोडनार न्हाई. घरात पाऊल टाकायचं भ्या वाटतंय. तुला सकाळी भ्या कसं वाटलं न्हाई?"

"लई वाटलं. आजून वाटतंय. पन खोटं न्हाई ना माज्यापाशी. भ्या एकलंच हाय, ते किती येळ बसंल?"

साखराबाईला त्याच्यावर चिडायचा पुरता हक्क होता, आणि क्षणभर ती चिडलीही. पण समोरचं तोंड तिच्याच सकाळच्या तोंडासारखं दिसत होतं.

"माणिकरावास्नी जाऊन सांग," ती म्हणाली.

"टँकर तोडतील. म्हस मरंल माजी."

"मी येते संगं. माप कमी करा म्हनून मी बी बोलते. समद्यांच्याच म्हशी आटल्यात."

चेअरमनपुढं बोलायची भीती तिला होतीच. तरी तिनं पदर खोचला आणि पुढं झाली. अंधारून येत होतं. ओढ्यापाशी मागून सिदूची हाक आली.

"वयनी, हितनं नगं! चिंच हाय. पानंदीनं जाऊ."

साखराबाईनं वळून पाहिलं. चिंच केव्हाच मागं पडली होती. पलीकडं सिदू रिकाम्या घागरी छातीशी धरून उभा होता.

ती परत फिरली आणि चिंचेखाली जाऊन उभी राहिली.

"ये," ती म्हणाली. "मी हितंच हुभी हाय."