बाहेरचा डबा

आमच्या आणि समोरच्या इमारतीमधल्या बोळात जेवढे एसी लटकलेत, त्यातले बहुतेक मीच बसवलेत. गारवा आत सोडायचा आणि उष्णता बाहेरच्या डब्यातून फेकायची, ही माझी रोजीरोटी. बाहेर म्हणजे कुठे, हे एकाही गिऱ्हाइकाने विचारलं नाही. मी तरी कशाला सांगतोय!

बाहेर म्हणजे आमची तळमजल्यावरची खिडकी. तिच्याशी बाबा बसायचे. समोरच्या खिडकीत शिलाईवाल्या मावशी मशीन चालवत, आणि बोळातूनच दोघांची दिवसभर थट्टामस्करी चाले. या उन्हाळ्यात बोळाची भट्टी झाली आणि बाबांना धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, "यांना गारव्यात ठेवा, नाहीतर हृदयाला झेपणार नाही."

मी दारोदार फिरलो. दुपारी तरी थोडा वेळ एसी बंद ठेवा, म्हणून हात जोडले. "आधी वरच्यांना सांग," हे प्रत्येक मजल्यावर ऐकलं. एका वहिनींनी तर सुनावलंच, "बसवलेस तूच, आणि आता बंद करा म्हणतोस? चोराच्या उलट्या बोंबा!" त्यांच्या कडेवरचं बाळ घामोळ्यांनी लाल झालेलं. मी जिना उतरलो.

शेवटी बाबांच्या खोलीतही एसी बसवला. डबा लावायला एकच जागा होती, मावशींच्या खिडकीसमोर. मला वाटलं, आता माझा उद्धार करतील. त्या म्हणाल्या, "लाव रे. तुझा बाप जगला पाहिजे." आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

बाबांची धाप थांबली. एका दुपारी ते म्हणाले, "आज मशीनचा आवाज नाही रे." मी म्हटलं, "खिडक्या बंद आहेत ना, ऐकू कसा येईल?" खरंच तसं वाटलं मला.

संध्याकाळी मावशींचा मुलगा आणि सून कामावरून आले, तेव्हा त्या मशीनवर डोकं टेकलेल्या दिसल्या. उष्णतेने गेल्या, असं डॉक्टरांनी सांगितलं.

काही दिवसांनी तो मुलगा आमच्या दारात उभा राहिला. त्याने थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "दादा, बायकोला दिवस गेलेत. त्या खोलीत बसवत नाही तिला. आमच्याकडे एसी कधी लावतोस?"

मी ड्रिल उचलून गेलो. तिथेही डब्याला एकच जागा होती, आमच्या खिडकीसमोर. रात्री बाबा म्हणाले, "जरा खिडकी उघड रे. मावशींच्या घराकडे बघू दे."

"बाबा," मी म्हटलं, "ती आता नाही उघडता येणार."