हरले म्हणेपर्यंत

"इथेच दाखवतोय, अगदी इथेच," असं म्हणत तो तरुण मोबाईल छातीशी धरून अर्धवट शिवलेल्या गादीवरून चालत गेला, तेव्हा टाकेवाल्या मावशीची सुई थांबली.

"अहो, बूट! कुणाच्या तरी झोपेवरून चाललात तुम्ही."

तो उडी मारून बाजूला झाला. मागून आलेली त्याची चष्मेवाली बायको ओशाळून म्हणाली, "सॉरी हं मावशी. याला मोबाईल हातात आला की जमीन दिसत नाही. आम्ही एक डबी शोधतोय."

"काय हरवलंय तुमचं?"

"हरवलं नाही काही. कुणीतरी मुद्दाम लपवलीय. जिओकॅशिंग म्हणतात याला. एकाने डबी लपवायची, जागेचे आकडे इंटरनेटवर टाकायचे, बाकीच्यांनी शोधायची. सापडली की आतली एक वस्तू आपण घ्यायची, आपली एक ठेवायची, आणि डबी परत जिथल्या तिथे."

पिंजणयंत्रावरच्या माणसाने कापसाची मूठ आत सारली आणि खदखदून हसला. "म्हणजे लपाछपीच की! लहानपणी पोट भरलं नाही वाटतं तुमचं."

मावशी हसली नाही. तिची सुई बोटातल्या पत्र्याच्या टोपीवर, अंगुस्तानावर टक्कन वाजली, एवढंच.

ही जागा पूर्वी शाळा होती. दगडी भिंती, उंच खिडक्या, दाराशी झिजलेला उंबरा. मुलं वाढली, शाळा रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत गेली आणि इथे गाद्यांचा कारखाना आला. भिंतीतला काळा फळा तसाच राहिला. त्यावर आता गाद्यांची मापं लिहीत. दप्तरं अडकवायच्या खुंट्या अजून मुलांच्याच उंचीवर होत्या; मोठी माणसं येताजाता त्यांवर मांड्या आपटून घेत आणि शिव्या हासडत. उन्हाचा पट्टा आत आला की कापसाचे तंतू तरंगायचे, हलके हलके, जणू कुणी नुकताच फळा पुसून गेलंय.

मावशी याच खोलीत अक्षरं शिकली. ती आणि तिची धाकटी बहीण. धाकटीला सगळे उंदरी म्हणायचे, कारण पाटीवरची पेन्सिल तिच्या हातात कधी पुरी उरायची नाही. लिहायची कमी, कुरतडायची जास्त. "अगं उंदरे, पोटात पाटी होईल तुझ्या," आई ओरडायची, आणि उंदरी पांढऱ्या जिभेने वाकुल्या दाखवायची.

शाळा सुटल्यावर पोरी लपाछपी खेळायच्या. ज्या पोरीवर राज्य असेल तिने कोपऱ्यातल्या खांबाला कपाळ टेकून डोळे मिटायचे, आणि लपायला पळणाऱ्या पोरी गायच्या:

*शोधशील तर सापडेन, थकशील तर थांबेन,*
*हरले म्हणशील तेव्हाच गं, पाठीशी मी येईन.*

त्या दिवशी थोरलीवर राज्य होतं. गाणं विरलं, पावलं पांगली. एकेक पोर सापडत गेली. उंदरी नाही सापडली. दिवेलागणीला आई आली, मग बाप, मग सगळी गल्ली कंदील घेऊन आली. विहीर उपसली, नदीचा काठ तुडवला, पोलिसांनी दारोदार विचारलं. चप्पल नाही, रिबीन नाही, काही म्हणजे काही नाही. जमिनीने गिळावं तसं.

थोरली थकून म्हणायला गेली, "आई, मी हर—"

आईने तिच्या तोंडावर हात दाबला. "हा शब्द काढायचा नाही. तू शोधत राहायचं. ऐकलंस?"

आईने मरेपर्यंत तो हात जणू काढलाच नाही.

म्हणून कारखाना निघाला तेव्हा कामाला पहिली हीच येऊन उभी राहिली. घरापासून जवळ पडतं, असं सांगितलं. लग्न झालं, मुलगा झाला, नवरा गेला, केस पिकले. पण कापसाचा गठ्ठा उचलला की त्याच्याखाली बघायची तिची खोड गेली नाही. "मावशी, उंदीर शोधता काय?" पिंजणवाला चेष्टेने विचारायचा. ती म्हणायची, "हो रे बाबा. उंदीरच."

आता बोटं मिटत नव्हती. मुलगा शहरातून न्यायला आला होता. सकाळी निघायचं होतं. हातातली गादी शेवटची. जायचं दुःख नव्हतं तिला. पण मी गेले तर तिला शोधणार कोण, हा एकच घोर रात्रंदिवस लागला होता.

"विचित्रच आहे," तरुण वैतागून म्हणाला. "आता आत दाखवतो, आता बाहेर. मी उभा आहे आणि खूणच चालतेय. कुणीतरी डबी घेऊन फिरतंय असं वाटतं."

"तुझा मोबाईलच तुझ्यासारखा," बायको म्हणाली. "मावशी, खुणेची एक ओळ दिलीय. जिथे डोळे मिटतात तिथे. आम्हाला वाटलं, गाद्या. म्हणजे झोप."

मावशी हळूच उठली. गुडघे कुरकुरले. गठ्ठ्यांना वळसा घालून ती कोपऱ्यातल्या खांबाशी गेली. सगळी शाळा तिने पालथी घातली होती, माळा, तळघर, कौलांच्या खालची पोकळी. ज्या दगडाला कपाळ टेकून ती त्या दिवशी उभी होती, तो तेवढा तिने कधी पाहिलाच नव्हता.

लहान मुलीच्या कपाळाच्या उंचीवरचा दगड सैल होता.

आत पत्र्याची डबी निघाली. तरुणाने टाळीच वाजवली. डबीत एक प्लास्टिकचा बेडूक, परदेशी नाणं, काचेची गोटी. आणि पाटीवरच्या पेन्सिलीचा एक तुकडा.

"ही कुठून आली?" चष्मेवाली मोबाईलवरचा फोटो जवळ घेऊन बघू लागली. "शेवटचे लोक येऊन गेले तेव्हाचा हा फोटो. यात पेन्सिल नाही. त्यांच्यानंतर कुणी आल्याचीही नोंद नाही."

"पाटीची पेन्सिल?" पिंजणवाला मान लांब करून म्हणाला. "आता कुठे मिळतात त्या?"

मावशीने तुकडा तळहातावर घेतला. एक टोक कुरतडलेलं होतं, दोन बारीक दातांच्या खुणा. तिने त्यावर अंगठा फिरवला.

टोक ओलं होतं.

तिने बोटातलं अंगुस्तान ओढून काढलं, इतक्या वर्षांत बोटाचाच भाग झालेलं, आणि डबीत ठेवलं. "वस्तू घेतली की वस्तू ठेवायची म्हणालात ना?"

"अहो मावशी, मग टाके कशाने घालणार?"

"झाले घालून."

त्या दोघांनी बेडूक घेतला, एक कीचेन ठेवली, डबी दगडाआड सारली आणि दोघं हसत, भांडत निघून गेली. मावशीने गादीचा शेवटचा टाका उघड्या बोटाने ओढला. पिंजणवाल्याने यंत्र बंद केलं. "मी मागची शेड लावून येतो. मग निघूच बरोबर," म्हणाला आणि किल्ल्या वाजवत गेला.

यंत्राची घरघर थांबली की खोलीला जणू कान उगवायचे. ऊन खिडकीवरून उतरलं होतं. खुंट्यांच्या सावल्या भिंतीवर ओळीने उभ्या होत्या, प्रार्थनेला उभ्या राहिल्यासारख्या.

मावशी खांबाशी गेली. आता कपाळ दगडाला लावायचं तर कमरेत वाकावं लागत होतं. तिने डोळे मिटले, आणि ते गाणं आपसूक ओठांवर आलं. पहिली ओळ झाली. दुसरी निम्म्यावर अडली.

*हरले म्हणशील तेव्हाच गं...*

उंदरी खट्याळ होती, पण खेळात कधी लबाडी करायची नाही. नियम म्हणजे नियम. कुणी हरले म्हटलं नव्हतं. म्हणून बिचारी आली नव्हती. आपण शोधत राहिलो आणि ती लपून राहिली. आई गेली, शाळा गेली, गाद्या आल्या, आणि ती कुठेतरी दगडाआड पेन्सिल कुरतडत वाट बघत बसली.

मावशीच्या तोंडावर आईचा तळहात घट्ट होता. तिने तो सोडवला. बोट बोट करून सोडवला.

"हरले गं," ती म्हणाली. आवाज कापसात बुडाल्यासारखा. मग जरा मोठ्याने, "उंदरे, मी हरले. तूच जिंकलीस. ये बाई आता."

काही झालं नाही. मग दगडाआड काहीतरी किणकिणलं, सैल बोटात अंगुस्तान खुळखुळावं तसं. वारा नसताना जमिनीवरचे तंतू उठले, एका रेषेत, कोपऱ्यापासून तिच्यापर्यंत. पेन्सिलीच्या ओल्या भुकटीचा वास आला. आणि पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, काहीतरी टेकलं. हलकं. थंड.

तिने मागे वळून पाहिलं नाही. डोळे तेवढे आणखी घट्ट मिटले.

"मावशी, चला." दारात पिंजणवाला उभा होता. ती उंबऱ्याशी आली आणि त्याच्याकडे पाठ करून खोली एकदा बघू लागली, तसा तो थबकला. "थांबा, पाठीवर काय हो हे? पांढरं. कापूस... नाही, हाताचा पंजा उमटलाय. पोराचा वाटतो. इथे कुठलं आलं पोर? थांबा, झटकतो."

"हात लावू नकोस."

तिच्या आवाजाने तो मागे सरला.

बाहेर गारठा पडला होता. शाल हातावरच होती, ती तिने पांघरली नाही. पिंजणवाल्याने कुलूप घातलं, ते ओढून पाहिलं आणि वळला. मावशी गल्लीच्या मध्यावर पोचली होती. चालत होती सावकाश, जरा पुढे झुकून, दोन्ही हात मागे बांधून. पाठुंगळीला पेंगुळलेलं पोर घेऊन घरी निघावं, तशी.