पोरगी धरा

“पोरगी धरा जराशी,” अंजू म्हणाली, आणि इंद्रजीत पाना घेऊन जीपखाली शिरला.

जीपला काहीएक झालं नव्हतं. सकाळीच तो सीटा भरून दारव्ह्याची फेरी मारून आला होता. पण लेकरू पुढं केलं की या बापाला नेमकं काहीतरी ठोकायचं आठवे. तीन महिन्यांत त्यानं पोरीला बोट लावलं नव्हतं. घरात बूड टेकत नसे. जेवता जेवता उठे, पहाटे अंजूच्या नाकाशी हात धरून श्वास चालू आहे का बघे. गाडीतला आरसा तर त्यानं उपटूनच टाकला होता. मागच्या सीटवरच्या बायका विचारत, “आरसा कुठं गेला गा?” हा गिअर बदले.

तांड्याला काय, जीभ चालवायला निमित्त पुरे. पोरगी झाली म्हणून नाक मुरडतो, असं ठरूनही गेलं. अंजू आधी हसली, मग चिडली, आणि शेवटी तिलाही ते खरं वाटू लागलं. बाप जिचं तोंड बघत नाही, तिनं त्या घरात वाढायचं कशाला? आज तिचा भाऊ धरमसिंग पुसदहून न्यायला आला होता. बसस्टँडपर्यंत न्यायला कपड्यांची पेटी जीपच्या टपावर चढली होती. ही चार दिवसांची माहेरवारी नव्हे, हे सगळ्यांना कळत होतं.

सासू हंसाबाईनं, घरातल्या सगळ्यांच्या याडीनं म्हणजे आईनं, दारातून एकदा सांगून बघितलं, “त्याले पोरीचा राग नाही वं. त्या दिवसापासून त्याचं डोकं ठिकाणावर नाही.”

“बाळंतीन मी होती ना, याडी? मंग डोकं त्याईचं कसं गेलं?”

तीन महिन्यांपूर्वी कापसाच्या भावाचं मातेरं झालं होतं. खरेदी रखडली होती आणि दारव्ह्याच्या अलीकडे बैलगाड्या-ट्रॅक्टरांनी रस्ता तुंबला होता. त्या रांगेतच, जीपच्या मागच्या सीटवर, अंजू बाळंत झाली. लेकरू आलं, पण रक्त थांबेना. हंसाबाईनं लुगडं फाडून बोळे दाबले आणि पोरगी इंद्रजीतच्या हातांत कोंबली. हात अडकलेले, समोर बायको निपचित पडत चाललेली. तो नुसता बघत राहिला. मग गाडीवाल्यांनी बैल रस्त्याखाली उतरवून वाट दिली. पोरगी हंसाबाईकडे देऊन त्यानं जीप हाणली, आरशात बघत बघत. दवाखान्यात रक्त चढवलं, अंजू वाचली. एवढं सगळ्यांना माहीत होतं.

“धरम, तू चहा पेऊन ये,” अंजूनं भावाला घालवलं आणि जीपशेजारी मातीतच बसकण मारली. “बाहेर या. जाताना तोंड तरी पाहा तिचं.”

“नाही.”

“काहून? पोरगी हाय म्हनून?”

खालून पान्याची ठकठक आली. मग तो म्हणाला, “मी तिले देऊन बसलो.”

“कोनाले?”

“जगदंबेले. तू तशी पडली होती, अन् हे माह्या हातात रडून राह्यली होती. मी बोललो, माय, इले घे, पन अंजूले ठेव.” पाना खणकन पडला. “तू राह्यली. आता इले हात लावला, माही म्हटलं, की देवीले आठवन होईन. नवस कोनाले चुकला हाय काय?”

अंजूनं पोरीला छातीशी आवळलं. मग मात्र तिची तळपायाची आग मस्तकात गेली.

“तुमी कोन देनारे? पोट माहं होतं! दुसऱ्याचा माल देऊ केला तर सौदा होते काय? देवीले एवढंबी समजत नाही? तेबी बाईच हाय ना!”

“तू मरून राह्यली होती, अंजू.”

“मले सांगता? मी तिथंच होती!”

जीपखालून विचित्र आवाज आला. अंजूला आधी हसू वाटलं, पण ते हसू नव्हतं. एवढा दणकट गडी, तीन महिने मूग गिळून बसलेला, आता मातीत तोंड खुपसून हमसून हमसून रडत होता. तिला त्याची दया आली आणि त्याचा रागही आला.

“मलेबी भेव वाटते,” ती हळूच म्हणाली. “रोज वाटते. पन मी इले पाजतो ना?”

तो सरपटत बाहेर आला. डोळे पुसायला गेला आणि गालभर ऑइल फासून घेतलं. अंजू त्याच्या “थांब, थांब” म्हणण्याकडे न बघता पोरगी त्याच्या मांडीवर ठेवून मोकळी झाली.

धरमसिंग चहा पिऊन परतला. भाऊजींचा तो अवतार बघून कुठं बघावं ते त्याला समजेना. “बाई, बस चुकन ना,” तो पुटपुटला.

“चुकू दे,” अंजू म्हणाली.

तेवढ्यात पोरगी मुतली. ऊन धार पँटीतून खाली ओघळली तरी इंद्रजीत हलला नाही. हललो तर वरून देवीचं लक्ष जाईल, ही भीती अजून होतीच. त्यानं वाकून पोरीला आपल्या अंगाखाली झाकलं आणि तसाच बसून राहिला.