तलफेची वर्दी

मी एक जुनी पितळी घंटा आहे. देवळातली नव्हे हं, मित्रांनो! मी आगीच्या बंबावरची घंटा. गप्प बसणं माझ्या रक्तातच नाही.

बंब निघाला की आमचे बंबवाले भिकाजी माझी दोरी खेचायचे आणि रस्ता मोकळा व्हायचा. लोक म्हणत, "काय खणखणीत आवाज!" मी फुलून जायचे. आगीच्या खबरीला आमच्यात 'वर्दी' म्हणतात, आणि धुरात एकट्याने शिरायचं नाही, हा आमचा नेम. आग विझली की मात्र सगळे भिंतीला टेकून विड्या पेटवायचे. नुकता धुरातून सुटलेला माणूस पुन्हा धूर का ओढतो, याचं मला नवल वाटे.

१९७२ साली बंब मोडीत निघाला. त्याच महिन्यात भिकाजी निवृत्त झाले आणि सोबत्यांनी निरोपाला मलाच त्यांच्या हाती दिलं. मुलुंडच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत मी लटकले. चिमण्या माझ्यावर बसू लागल्या. घंटेचा असा अपमान!

पुढच्या वर्षी त्यांचा बंबावरचा जोडीदार विद्याधर फुप्फुसाच्या कॅन्सरने गेला. भिकाजी, लहू आणि रामनाथ या जुन्या सोबत्यांनी त्याला खांदा दिला. भिकाजींनाही खोकला होताच. डॉक्टर शुभाताईंनी त्यांना तपासलं.

"काका, आज छातीत वाईट काही दिसत नाही. नोकरीत छातीत गेलेला धूर मला काढता येणार नाही. पण विडी सोडलीत, तर पुढचा धोका कमी होत जाईल."

"चाळीस वर्षांची सवय, बाई. एकट्याने नाय सुटायची."

"मग एकट्याने कशाला सोडताय?"

लहू आणि रामनाथही विडी सोडायला तयार झाले. तिघेही एकाच चाळीतले. त्यांनी ठरवलं, तलफ आली की घंटा वाजवायची. ती वर्दी समजून बाकीच्या दोघांनी धावत यायचं आणि तलफ ओसरेपर्यंत शेजारी बसायचं.

मित्रांनो, माझं नशीब उघडलं! पहिल्या दिवशी मी सतरा वेळा वाजले. रामनाथ तर एकदा गालाला दाढीचा साबण तसाच ठेवून आला. भिकाजींच्या पत्नी कृष्णाबाई विडीऐवजी तोंडात टाकायला शेंगदाणे भाजून भाजून दमल्या.

अकराव्या दिवशी भिकाजी घसरले. घंटा न वाजवता चाळीच्या संडासात विडी घेऊन बसले. दारावरून धूर येताना लहूने पाहिला आणि तो ओरडला, "आग!" रामनाथने माझी दोरी खेचली. मग दोघांच्या जुन्या हातांनी विचारबिचार न करता चार बादल्या दारावरून आत ओतल्या. भिकाजी ओलेचिंब होऊन बाहेर आले, ओठांत भिजकी विडी.

"मेल्या, आग खंय आसा?"

"तुझ्या तोंडात आसा!" लहू म्हणाला.

चाळ हसून हसून लोळली. भिकाजीही हसले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. "माका इतक्यात विद्याधराकडे जावचा नाय रे," म्हणत त्यांनी विड्यांचं बंडल कचऱ्यात टाकलं.

मग वर्द्या कमी होत गेल्या. दिवसाला पाच, मग एक, मग आठवडाभर शांतता. खरं सांगते, मला ते जड गेलं, कारण मिरवायची भारी हौस! पण एके सकाळी भिकाजी तिन्ही मजले न थांबता, न खोकता चढून आले आणि चक्क शीळ घालू लागले. मुकी असूनही मी इतकी आनंदी कधीच नव्हते.

म्हणून सांगते मित्रांनो, घरातल्या विडी ओढणाऱ्या म्हाताऱ्याला टाकून बोलू नका. त्याच्याशेजारी जाऊन बसा.

परवाच भांडुपहून एक निवृत्त बंबवाले आले. आमच्या ओळखीचेही नव्हते. लाजत लाजत त्यांनी माझी दोरी धरली. मी अगदी हळू वाजले, तरी तिन्ही म्हातारे चपला न घालताच धावत आले.