सहाव्या स्थानाचा रुमाल

सुनेने न विचारता कपाटाला हात घातला, हेच मुळात सासूबाईंना सहन झालं नव्हतं. त्यातून तिने नेला काय, तर वेरोनिकाचा रुमाल.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात दर शुक्रवारी देवळात क्रुसाची वाट व्हायची. येशूला क्रूस देऊन हाकलत नेलं, त्या रस्त्याची चौदा स्थानं. सहाव्या स्थानाला वेरोनिका नावाची बाई गर्दीतून पुढे होते आणि त्याचा रक्ताळलेला चेहरा पुसते. शेवटच्या शुक्रवारी तरुण मंडळी हे सगळं करून दाखवत, आणि पुसायचा रुमाल गेली पंधरा वर्षं सासूबाईंच्या घरून जाई. तागाचा, पांढराशुभ्र, दाट खळ दिलेला. इस्त्रीची घडी अशी की बोट कापावं.

आज शेवटचा शुक्रवार, आणि तो रुमाल मागच्या दोरीवर मेल्यासारखा लोंबत होता. मधोमध पिवळट डाग.

"हे काय आहे?"

"रुमाल आहे, आई."

"ते दिसतंय. मला अजून मोतीबिंदू झालेला नाही."

"आत्यांच्या गालाला लावला." सून लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची. नुकतीच कामावरून आली होती, चपलासुद्धा पायातच होत्या. "घरातली मऊ फडकी संपली. जुन्या चादरी फाडून झाल्या. याची खळ काढायला तीन पाणी लागली मला."

"आणि विचारायची काही पद्धत?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

सासूबाई ते खोटं कसं म्हणणार?

आत्या म्हणजे सासूबाईंची नणंद. बिनलग्नाची, जन्मभर शिवणयंत्रावर वाकलेली. तोंडातला कॅन्सर गाल फोडून बाहेर आला होता. आता घरीच ठेवा, असं डॉक्टर म्हणाले त्याला सात आठवडे झाले. सात आठवडे सासूबाई रोज सकाळी त्या खोलीच्या दारापर्यंत जात, "काय वन्सं, झोप लागली का?" असं खणखणीत विचारत आणि उत्तर यायच्या आत स्वयंपाकघरात भांडी वाजवू लागत. वास सोसत नाही, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. गुडघे दुखतात, हे मात्र सगळ्यांना सांगितलं होतं. देवळात त्याच गुडघ्यांवर त्या चौदा वेळा टेकत आणि चौदा वेळा उठत.

सहाव्या स्थानाशी फादर वाचून दाखवत, आज येशू कुठे कुठे कण्हतोय. बॉम्ब पडलेल्या शहरांत, खाणीत गाडल्या गेलेल्या मजुरांत, बोटी उलटून बुडालेल्या लेकरांत. सासूबाईंचे डोळे दर वर्षी भरून येत. शेजारच्या बायका म्हणत, काय मन आहे हो यांचं.

"मी पट्ट्या घेऊन येते," सून म्हणाली. "तेवढा अर्धा तास आत बसा."

"मला चारला निघायचंय. आता दुसरा रुमाल शोधायचा, तुझ्या कृपेने."

आतून आवाज आला. गालामुळे शब्द सांडल्यासारखे येत. "जाऊ दे गं वहिनींना. उशीर होईल त्यांना."

शिवी दिली असती तर सासूबाईंनी सव्याज परत केली असती. या समजूतदारपणाचं काय करायचं? थोरल्याच्या वेळी बाळंतपणात त्या तापाने फणफणल्या होत्या. महिनाभर हीच नणंद त्यांचं सगळं काढत होती, आणि एकदासुद्धा नाकाला हात लावला नव्हता तिने.

"जा तू," त्या सुनेला म्हणाल्या. "बसते मी."

कपाटातून दुसरा रुमाल काढून, श्वास रोखून त्या आत गेल्या. नणंदेच्या हनुवटीवरून ओघळ येत होता. सासूबाईंनी रुमाल उलगडला आणि देवळातली वेरोनिका पुसते तसा, वरून खाली, पुसला.

नणंदेने चादर मुठीत आवळली.

"दुखलं?"

"नाही हो, वहिनी."

सासूबाईंनी तोच रुमाल स्वतःच्या गालावर ओढला. काचपेपर. पंधरा वर्षं त्या हे येशूच्या तोंडासाठी पाठवत होत्या, आणि देवळातून परत येताना लोकांनी घडीचं कौतुक केलं की खूश होत होत्या.

त्यांनी कोमट पाण्याचं भांडं ओढलं आणि रुमाल चोळायला घेतला. पाणी दुधासारखं झालं. ओतलं, दुसरं घेतलं. श्वास कधी सोडला ते त्यांच्या लक्षातच आलं नाही. वास होताच. त्या बसून राहिल्या.

देवळाची घंटा वाजली.

"वहिनी, घंटा."

"बहिरी नाही मी. मान इकडे करा."

"तुमचे गुडघे?"

"गुडघ्यांना काही झालेलं नाही. खोटं बोलत होते मी."

"माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

एवढं बोलण्यानेसुद्धा नणंदेला धाप लागत होती. "दारापर्यंत तरी यायचात. बोलले असते तर तेवढंही गेलं असतं."

सासूबाई रुमाल पिळत राहिल्या, पिळून झाल्यावरही.

सून पट्ट्या घेऊन आली ती दारातच थबकली. "आई? तुम्ही गेला नाहीत?"

"नाही गेले. आत ये, आणि पट्टी कशी बांधायची ते मला दाखव. उद्यापासून सकाळची मी बांधणार." सासूबाईंचा आवाज नेहमीसारखाच कडक होता, फक्त त्या सुनेकडे बघत नव्हत्या. मग बघितलं. "आणि ऐक. तू फटकळ आहेस, ते मी मागे घेत नाही. पण या घरात येशू सात आठवडे पडून होता आणि त्याला टाकून मी देवळात रडायला जात होते. फादरांपुढे कबुलीला बसेन तेव्हा बसेन, आधी तुझ्यापुढे सांगते. तू रुमाल नेलास ते बरोबर केलंस. चुकले मी."