रेघेच्या वरचं पाणी

मी एक जुना काचेचा चंबू आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगतो, माझं डोकं फिरलेलं आहे. माझं पोट गोल, मान लांब आणि मानेभोवती एक बारीक रेघ. त्या रेघेपर्यंत पाणी भरलं की बरोबर अडीचशे मिलिलिटर. कारखान्यात माझ्यात पाणी भरून, ते तोलून, मगच ती रेघ कोरली. माझी सगळी अक्कल तिच्यात आहे.

पहिली बारा वर्षं धाराशिवच्या एका कॉलेजात गेली. शिवलीला मॅडम मुलांना विचारायच्या, "कॉस्टिक सोड्याचा एक मोल म्हणजे चाळीस ग्रॅम. एका लिटरला मोलाचा दहावा भाग हवा, म्हणजे चार ग्रॅम. आपला चंबू पाव लिटरचा. मग किती?" "एक ग्रॅम!" मुलं ओरडायची. मग मॅडम डोळा रेघेला भिडवून शेवटचा थेंब सोडायच्या आणि म्हणायच्या, "शहाणा आहे हा." काय दिवस होते ते!

पुढे नवी भांडी आली आणि मी खोक्यात गेलो. तिथून ईट गावाजवळच्या एका दूध केंद्रावर आलो, पंचाक्षरीच्या हातात. माणूस वाईट नाही हो. पण रतीब घालण्यात जन्म गेलेला. माप काठोकाठ भरायचं आणि वर एक धार सोडायची, ही त्याची रीत. अर्धवट भरलेलं माप दिसलं की त्याला लाज वाटते.

आधी केंद्रावर दुधाचा आंबटपणा तपासायला त्याच सोड्याच्या तयार द्रावणाची बाटली यायची. ती बंद झाली, तेव्हा पंचाक्षरी स्वतः द्रावण करू लागला. सोडा अगदी काट्यावर एक ग्रॅम तोलला. मला वाटलं, जमलं! पण पाणी रेघेवर आलं तरी गडी थांबेना. "गळा रिकामा बरा दिसत न्हाय," म्हणत त्यानं मला तोंडापर्यंत भरलं. सोडा तेवढाच आणि पाणी पंचवीस मिली जास्त! मला ओरडता आलं असतं तर अख्खं ईट गोळा केलं असतं.

त्या पातळ द्रावणावर दुधाची परीक्षा सुरू झाली. दहा मिली दुधात रंग दाखवणाऱ्या औषधाचे दोन थेंब टाकून ते थेंबथेंब सोडायचं, दूध गुलाबी होईपर्यंत. एक पूर्णांक सात मिलीपेक्षा जास्त लागलं की दूध आंबट, परत घेऊन जा. केंद्रावर रोज दूध घालणाऱ्या गिरिजाबाईंची एकच म्हैस, पण दूध दाट. दाट दुधाला मुळातच थोडं जास्त लागतं. खऱ्या द्रावणाचं एक पूर्णांक सहा पुरलं असतं. या पाणचट द्रावणाचं जवळजवळ पावणेदोन लागलं.

"काकू, दूध आंबलंय."

"आत्ता तर काढलंय रं! अजून कोमट हाय, हात लावून बघ."

"म्या काय करू? काचंत दिसतंय नव्हं."

काच म्हणजे मीच! मित्रांनो, माझ्या नावावर हे खपवलं. चार दिवस दूध परत गेलं. आंबट ठरलेलं दूध खव्याच्या भट्टीवालाही घेईना. फाटलं तर अख्खी कढई वाया. पाचव्या दिवशी पेंडीलाही पैसे उरले नाहीत, तेव्हा गिरिजाबाईंनी म्हैस विकली.

सहाव्या दिवशी तालुक्याहून तपासणीला राजशेखर साहेब आले. पंचाक्षरी मला तोंडापर्यंत भरत होता. साहेबांनी त्याचा हात धरला. "अहो, ही रेघ काय शोभेला हाय?" त्यांनी रेघेपर्यंत भरून नवं द्रावण केलं, तेच दूध दोन्ही द्रावणांवर तपासून दाखवलं. पंचाक्षरीचा चेहरा उतरला. एका दिवसाचा उशीर! मला तर फुटून जावंसं वाटलं.

संध्याकाळी गिरिजाबाई रिकामी चरवी घेऊन रस्त्यानं चालल्या होत्या. पंचाक्षरीनं त्यांना हाक मारली.

"काकू, दूध चांगलंच हुतं तुमचं. माझंच माप चुकलं."

त्या थांबल्या. हातातल्या चरवीकडं बघत म्हणाल्या, "मग चार दिस म्या ही राखंनं घासत हुते, ती कशापायी?"

मित्रांनो, वहीतलं गणित सगळ्यांचं बरोबर येतं, पंचाक्षरीचंही आलं होतं. पण द्रावण वहीत होत नाही, माझ्या पोटात होतं. हात जोडून विनवतो, रेघेशी थांबा. पुढं कुणाचं तरी ताजं दूध उभं असतं.