साखळीला शिक्का कोण लावतं?

मित्रांनो, या कचेरीच्या भिंतीवरच्या खिळ्याला मला अशी लटकलेली पाहून तुम्हाला वाटेल, ही विहिरीच्या बादलीची साखळी असेल. तसं नाही. मी जमीन मोजणारी साखळी आहे, आणि आता बरीच जुनी झाले आहे. माझी लांबी शंभर फूट. माझ्या अंगात शंभर कड्या आहेत. कडी म्हणजे बांगडीसारखी वाटोळी नव्हे. दोन्ही टोकांना एकमेकींत अडकवायचे डोळे वळवलेली, एक फूट लांबीची पोलादी सळई. दर दहा कड्यांनंतर एक पितळी बिल्ला लटकतो. त्यामुळे मोजणाऱ्याला एकेक कडी मोजावी लागत नाही, बिल्ले पाहिले की झालं. ही सोय चांगली आहे. पण याच सोयीमुळे माझ्यातली एक खोट तीन वर्षं मोजणाऱ्याच्या लक्षात आली नाही.

ती हकिकत मी सांगणार आहे. गाव वर्धा जिल्ह्यातलं, रेल्वेच्या काठचं. त्याचं नाव मी सांगत नाही, कारण चूक मापाची होती, गावाची नव्हती.

मी १९३८ साली रेल्वेने, गोणपाटात बांधून, नगरपालिकेच्या कचेरीत आले. गावातली शाळेची जागा, दवाखान्याचं आवार, तीन रस्ते आणि पाच विहिरी माझ्याच मापाने आखल्या गेल्या. तेव्हाचे ओव्हरसियर कडक होते. कचेरीच्या अंगणात दोन दगड पुरलेले होते, आणि त्यांच्यावरच्या खुणांमध्ये बरोबर शंभर फुटांचं अंतर होतं. कामावर निघण्यापूर्वी रोज सकाळी मला त्या दगडांना लावून पाहत. संध्याकाळी जवसाच्या तेलाचा बोळा माझ्या अंगावरून फिरे. पाहुण्यांना ते सांगत, "या कचेरीत खोटं न बोलणारी ही एकटीच." माझी याहून मोठी स्तुती पुढे कुणी केली नाही.

ते निवृत्त झाले. एका दगडावर कुणीतरी मोडके कंदील टाकले. त्यावर जळाऊ लाकडं रचली गेली. दगड दिसेनासा झाला आणि रोजची तपासणीही थांबली.

१९५४ च्या हिवाळ्यात नाल्याजवळ मोजणी चालू असताना माझ्या एका कडीचा डोळा उघडला आणि कडी गळून पडली. मला ओढणारा चेनमन लहानू याने शेजारच्या दोन कड्या एकमेकींत अडकवल्या आणि गळालेली कडी खिशात टाकली. उद्या लोहाराकडे न्यायची, असा त्याचा विचार होता. पण त्याच दिवशी त्याची बायको सुंदरा बाळंत झाली. आमच्याकडे बाळंतिणीच्या उशाशी लोखंड ठेवतात, म्हणजे बाळाला काही बाधत नाही, असं मानतात. घरातला विळा सापडेना. लहानूने खिशातली कडी काढून उशाखाली सरकवली. मुलगी अशक्त होती, ती जगली. मग सुंदरा ती कडी हलवू देईना. लहानू म्हणाला, शंभरातली एक तर आहे.

मित्रांनो, मला बोलता येत नव्हतं. नव्व्याण्णव फुटांची मी, शंभर फुटांची म्हणून गावभर फिरत राहिले.

त्याच सुमारास गावातल्या स्टेशन रोडला उतरती कळा लागली. रस्त्याच्या टोकाची कापसाची जिनिंग बंद पडली होती. अर्ध्या दुकानांना कुलपं होती. उरलेल्यांच्या दारात कोळसा, कडबा आणि सरकीचे ढीग असत, बैलगाडी निघायची पंचाईत. सिंदीहून गाडीने येणारं गिऱ्हाईक थेट वर्ध्याला जाऊ लागलं. तेव्हा १९५७ मध्ये नगरपालिकेने हा रस्ता पुन्हा उभा करायचं ठरवलं आणि नवा नियम केला. स्टेशनच्या फाटकापासून दोन हजार फूट ही बाजारपट्टी. पट्टीत ढीग आणि गोठे बंद. दुकानं रस्त्याच्या मध्यापासून वीस फूट मागे. खाली दुकान आणि वर घर चालेल. पालिका नाली बांधणार, दिवे लावणार. पट्टीबाहेर फक्त घरं. तिथली चालू दुकानं तीन महिन्यांत बंद करायची. येत्या सोमवारच्या सभेत हद्द कायम होणार होती.

दोन हजार फूट म्हणजे माझ्या वीस लांब्या. ओव्हरसियर पुंडलिकरावांनी मोजणी केली. ते दोन वर्षांपूर्वीच बदलून आलेले, कामाला सरळ. विसाव्या लांबीला लहानूने खुंटी ठोकली. खुंटीच्या पुढे चार फुटांवर रुखमाबाईचं दुकान सुरू होत होतं.

रुखमाबाई भजी आणि चिवडा विकायची. आंजी गावाकडून येणारे गाडीवान तिच्याकडे थांबल्याशिवाय पुढे जात नसत. आदल्या वर्षी नागपूरला जाऊन तिच्या घराने बौद्ध धम्म स्वीकारला होता. त्याच्या कितीतरी आधी, जात पाहून, बाजाराच्या मधोमध तिला कुणी जागा दिली नव्हती, म्हणून तिने टोकाला, बारा फूट रुंद, विटांचं दुकान बांधलं होतं. घर त्यावरच चालायचं.

झारा हातात घेऊनच ती खुंटीजवळ आली. लोक जमले.

"रुखमाबाई, ठरावात दोन हजार फूट लिहिलं आहे," पुंडलिकराव म्हणाले. "खुंटी तिथेच पडली. माझ्या हातात काही नाही."

"तुमच्या हातात साखळी हाय ना, साहेब?"

समोरच्या बाजूला घनश्यामशेठची सरकीची वखार होती; तिच्यापुढचा ढीग खुंटीच्या ओळीपलीकडे, म्हणजे नियमातून सुटलेला. ते ओट्यावरून हसले. "अवो बाई, चार पावलाचा तर सवाल हाय. उचल दुकान अन् सरकव इकडे. टीनाचंच तर हाय."

"टीनाचं नाई शेठ, विटाचं हाय. टीनाचं तुमचं बोलणं हाय. वाजतेच लय."

पुंडलिकराव तिला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही अर्ज द्या. विशेष बाब म्हणून सभा विचार करेल. मी शिफारस लिहितो."

"अर्ज काऊन देऊ? मले दया नाई पाह्यजे, साहेब. माप पाह्यजे." तिने दुकानातली तागडी आणून त्यांच्यापुढे धरली. "हे पाहा. माह्या तागडीले दरसाल शिक्का लागते. पावशेराचं वजन जरा झिजलं तर इन्स्पेक्टर उचलून नेते. तुमच्या साखळीले कोण लावते शिक्का?"

लोक हसले. पुंडलिकराव हसले नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला. आल्यापासून त्यांनी मला एकदाही तपासलेलं नव्हतं. त्यांनी मला गुंडाळायला सांगितलं.

"उद्या सकाळी आठला कचेरीत या. सगळ्यांनी या."

मला गुंडाळताना, जिथली कडी गळाली होती तो भाग लहानूने मुठीत झाकून धरला, हे फक्त मला कळलं. नोकरी जाईल, ही त्याला धास्ती होती. पण दुसऱ्या दिवशी कचेरीत पहिला तोच आला. दगडावरची लाकडं त्यानेच हलवली, कंदील बाजूला ठेवले आणि फडक्याने खूण पुसली.

आठ वाजता मला जमिनीवर ताणलं. एक टोक पहिल्या खुणेवर बरोबर बसलं. दुसरं टोक दुसऱ्या खुणेपर्यंत पोचलं नाही. पुंडलिकरावांनी फूटपट्टी लावली. बरोबर एक फूट कमी.

ते बिल्ल्याबिल्ल्याने कड्या मोजू लागले, तेव्हा लहानू पुढे आला.

"मोजू नका, साहेब. मले ठाऊक हाय. साठ अन् सत्तरच्या मधात नऊच हायेत."

"दहावी कुठे आहे?"

"माह्या घरी. पोरीच्या उशाखाली." त्याने सगळं सांगितलं. "मले वाटलं, शंभरातली एक. काय फरक पडते?"

"वीस वेळा पडली ही साखळी, लहानू. वीस फूट गेले." पुंडलिकरावांनी फूटपट्टी खाली ठेवली. "तुझी चूक एका दिवसाची. मी दोन वर्षं रोज सकाळी या दगडापुढून गेलो, आणि लाकडं हलवली नाहीत." अहवालात त्यांनी तसंच लिहिलं, स्वतःचं नाव आधी घालून. लहानूची नोकरी राहिली.

वीस फूट मागे घ्यायच्या दुकानांची मापं मात्र बरोबर होती. खोट माझ्या पोटात होती. कुठल्याही टोकाकडून धरलं तरी पहिले तीस फूट खरेच होते.

कडीसाठी लहानू घरी जाणार, तोच सुंदरा फाटकातून आत आली. कडेवर तीन वर्षांची मुलगी, हातात फडक्यात गुंडाळलेली कडी. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती. कडी पुढे केली, पण तिची मूठ सुटेना.

"हे काढलं अन् पोरीले काई झालं तर?" ती हळूच म्हणाली.

रुखमाबाई तिच्याजवळ गेली. "मी आता हे मानत नाई, बाई. पण तुह्या जिवाले धीर पाह्यजे ना? लोखंडच पाह्यजे ना?" तिने आपला झारा तिच्या हातात दिला. "हे घे. बारा वर्सं तापलेलं लोखंड हाय. याच्या जवळ काई येत नाई, माश्यासुद्धा नाई."

सुंदरा हसली आणि तिची मूठ सुटली.

लोहाराने कडीचा डोळा वळवला. मला पुन्हा दगडांना लावलं, आणि या वेळी दोन्ही टोकं खुणांवर बसली. मग फाटकापासून मोजणी नव्याने झाली. एकोणीस... वीस. नवी खुंटी रुखमाबाईच्या दुकानाच्या पलीकडे चार फुटांवर पडली. तिचं दुकान पूर्ण बाजारपट्टीत आलं. समोरच्या बाजूला ओळ आखली, तेव्हा घनश्यामशेठच्या सरकीचा ढीगही पट्टीत आला.

"अन् माह्या सरकीचं काय?" शेठ ओट्यावरून खाली उतरले.

"विटाची थोडीच हाय, शेठ?" रुखमाबाई म्हणाली. "उचला अन् सरकवा."

सोमवारी हद्द कायम झाली. वर्षभरात नाली झाली, नऊ दिवे लागले, सात दुकानांची कुलपं निघाली. शेवटचा दिवा रुखमाबाईच्या दारात होता. पुंडलिकराव मला घेऊन तिच्या दुकानावरून जात, तेव्हा ती नव्या झाऱ्याने भजी उलटत विचारायची, "साहेब, आज दगडाले लावली काय?" आणि ते रोज उत्तर द्यायचे, "लावली, बाई."

आता पोलादी फीत आली आहे आणि मी या खिळ्यावर आहे. माझ्या बऱ्याच कड्यांना गंज चढला. घरात, उशाखाली कोरडी राहिलेली ती एक कडी मात्र अजून उजळ दिसते.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुठल्या तरी कचेरीत बसाल. कुणाचं दुकान कुठे राहील आणि कुठे राहणार नाही, हे तुमच्या मापाने ठरेल. त्या दिवशी माणसाला अर्ज लिहायला लावण्यापूर्वी आपलं माप तपासा. आणि कुणी रुखमाबाई शिक्का विचारायला आली, तर तिच्यावर रागावू नका.

माझ्यासाठी एकच मागणं आहे. मला तेल लावलं नाही तरी चालेल. पण इथून मला अंगण दिसतं, आणि त्या दगडावर पुन्हा कुणीतरी मोडकी खुर्ची टाकली आहे. जाताना तेवढी हलवून जा.